समुद्राचं पाणी बघायला

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी तिकडचं पाणी बघून यायची पद्धत आहे. मुलगा पसंत पडला, देण्याघेण्याचं बोलून झालं, तरी घरातली जाणती माणसं एक दिवस गाडी काढून जातात आणि विहीर बघून येतात. पाणी उन्हाळ्यात टिकतं का, कॅनॉलची पाळी वेळेवर मिळते का, हंडा डोक्यावर घेऊन पोरीला किती चालावं लागेल. माझ्या वेळी वडील, आमचे आबा, शिरूरला आले होते. सासरचं घर भर गावात, विहिरीचा संबंध नाही, पाणी नळाचं. तरी त्यांनी माझ्या सासऱ्यांना नळ सोडून दाखवायला लावला. नळाला ती वेळ नव्हती, तोटी नुसतीच फुसफुसली. मग आबा जाऊन पुलावर उभे राहिले, खाली घोडनदीला असलेलं पाणी त्यांनी नीट बघितलं आणि 'ठीक हाय' म्हणाले. माझं लग्न नदीच्या भरवशावर झालं, असं मी अजून नवऱ्याला ऐकवते.

तर माझ्या धाकट्या भावाला जहाजावर नोकरी मिळाली, तेव्हा आईने हेच काढलं. त्याने त्यासाठी कोर्स केला होता, इंजिनकडचं काम होतं, एकदा चढला की नऊ महिने परत यायचं नाही. आबा म्हणाले, 'तुझं तू बघ.' आबांचा होकार असाच असतो. चुलत्यांनी तर अख्ख्या खुटबावात सांगून ठेवलं होतं. अडकलं ते आईपाशी. ती नाही म्हणत नव्हती आणि हो पण म्हणत नव्हती.

"पोरगी द्यायची तर आपण हीर बघून येतो," ती म्हणाली. "हितं तर पोरगा द्यायचा हाय. मला आधी त्या समुद्राचं पाणी दाखवा. मग सांगते."

हसायची सोय नव्हती. भावानेही तिच्या शब्दाबाहेर जायचं नाही असं ठरवलं होतं. सोमवारी त्याला कंपनीला कळवायचं होतं. म्हणून गौरी-गणपती उरकल्यानंतरच्या एका रविवारी आम्ही चौघं, आई, आबा, भाऊ आणि मी, समुद्राची पाहणी करायला निघालो.

मुक्कामाला जाऊ म्हटलं तर आईने तोंड फिरवलं. गोठ्यातल्या बाकीच्या गाईंची धार चुलती काढणार होती, पण तांबडी आईशिवाय कुणाला हात लावू देत नाही. चुलतीला तिने एकदा लाथ घालून बादलीसकट खाली बसवलं होतं. म्हणजे सकाळची धार काढून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं, मधे कोकण. मी कंपनीत स्टोअर सांभाळते. ट्रक वेळेवर आला नाही की माझा जीव वरखाली होतो, घरी गेल्यावरही मी मनातल्या मनात गेटवर उभी असते. अशा बाईला असा दिवस देणं हा छळ आहे. आदल्या संध्याकाळी माहेरी यायला न्हावऱ्यामार्गे एसटीने चौफुल्याला उतरले तेव्हापासूनच मी हिशेब करत होते, किती वाजता कुठे पाहिजे आणि कुठे किती थांबायचं.

निघालो ते अंधारातच. चुलत्यांची जीप, भाऊ चालवायला. आईने भाकरी, ठेचा, पिठलं बांधून घेतलं होतंच, वर पाण्याचा मोठा जार. समुद्राकाठी पाणी खारं असतं, एवढं तिला माहीत होतं. तिच्या मांडीवर एक पिशवी होती, ती तिने कुणाला ठेवायला दिली नाही. हडपसरपर्यंत सगळे डुलक्या घेत होते. मी तेवढी जागी, डोळे रस्त्यावर. मुळशीच्या धरणापाशी उजाडलं आणि आबा म्हणाले, "थांबव जरा. पाणी बघू दे."

"आबा, आपण समुद्र बघायला चाललोय," मी म्हणाले.

"त्यो काय पळून जातोय?"

आबा उतरले, भिंतीकडे बघून पाणी किती टक्के असेल ते त्यांनी भावाला सांगितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोवाल्यालाही सांगितलं. मी गाडीतच बसून राहिले आणि पायाने गाडीचा पत्रा वाजवत राहिले. ताम्हिणीत धुकं इतकं होतं की भाऊ काच उघडून बाहेर डोकावत गाडी हाकत होता. दोन वळणांनंतर आईला उलटी झाली. भावाने गाडी कडेला घेतली, तिला उतरवलं, पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. डोंगरातून धबाधबा पाणी पडत होतं, लोक त्यात भिजून फोटो काढत होते, आणि माझी आई रस्त्याच्या कडेला वाकलेली. मला तिची दया आली आणि घड्याळाकडेही बघितल्याशिवाय राहवलं नाही. दोन्ही एकदम होतं माझं, त्याला मी काही करू शकत नाही.

माणगाव मागे पडलं, मग खाडीच्या कडेने, नारळ-सुपारीच्या बागांमधून रस्ता. आबांना ऊस दिसेना म्हणून करमेना. शेवटी सुरूच्या झाडांतून गाडी बाहेर निघाली, भावाने ती वाळूवर थोडी पुढे घेतली आणि इंजिन बंद केलं.

समोर समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब. सपाट ओली वाळू, त्यावर पाण्याचे पातळ ओघळ, खेकड्यांची बिळं, आणि पार पलीकडे एक पांढरी रेघ हलत होती. आम्ही चौघंही गाडीजवळ उभे राहून बघत होतो. आमच्या तालुक्यात पाणी दिसलं नाही तर त्याचं एकच कारण असतं, आणि आबांनी ते सांगितलं.

"आवर्तन बंद झालंय वाटतं."

कॅनॉलला पाणी सुटतं आणि बंद होतं त्याला आवर्तन म्हणतात. ते पाटबंधारे खात्याच्या हातात असतं. समुद्र कुणाच्या हातात असतो, याचा विचार आमच्यापैकी तिघांनी आयुष्यात केलेला नव्हता. मी शिकलेली बाई, भरती-ओहोटी शाळेत पाठ केलेली. पण मी दिवस ठरवला तो रविवार बघून आणि वेळ ठरवली ती तांबडीची धार बघून. समुद्रालाही वेळ असते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

आईने चपला गाडीत ठेवल्या, पिशवी काखेत घेतली आणि चालायला लागली. आम्ही मागे. पाण्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. तिथेही घोट्याएवढं पाणी, लहान लहान लाटा येऊन पायांशी मोडत होत्या. आईने पिशवीतून हिरवा खण काढला, नारळ, हळकुंड, सुपारी, ओंजळभर तांदूळ. नारळाच्या शेंडीला हळद-कुंकू लावून तिने समुद्राची ओटी भरली. नव्या विहिरीला पाणी लागलं की भरतात तशी. सगळं पाण्यात सोडून हात जोडले, काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. मग तिने पाण्यात हात बुडवला, थोडं कपाळाला लावलं, थोडं जिभेला लावून तोंड वाकडं केलं आणि सरळ उभी राहून सगळीकडे नजर फिरवली.

"एवढंच हाय व्हय," ती म्हणाली. "आपल्या कॅनॉलला याच्याहून जोर असतोय. आन् मी उगंच रात्र-रात्र जागत बसले." मग भावाकडे वळून, "जा तू. माझं काय म्हणणं न्हाई."

मी इतकी खूश झाले की आबांचा दंड धरला. काम झालं होतं, तेही वेळेच्या आत. भावाने खाली वाकून आईच्या पायांना हात लावला, पण त्याच्या चेहऱ्यावर मला हवा होता तो आनंद दिसेना. तो मागे बघत होता, आमची जीप होती तिकडे. मीही बघितलं. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची, प्लास्टिकच्या बाटल्यांची एक लांबलचक ओळ पडली होती. पाण्याने आणून टाकलेली. आणि ती जीपच्याही मागे होती, सुरूच्या झाडांना खेटून.

मी भावाकडे बघितलं. त्याने मान अगदी जराशी हलवली, नको अशी.

तिथून पुढे मला एक क्षण चैन पडली नाही. तो काय शिकून आला होता ते मला माहीत होतं. हे पाणी इथे परत येणार, हे त्याला पहिल्यापासून माहीत असणार. आई बिचारी शेतातला पाट बघावा तसा समुद्र बघून मोकळी झाली होती. तिला सांगावं की नाही? सांगितलं तर तिने दिलेला शब्द जाईल, भावाची नोकरी जाईल. नाही सांगितलं तर ही फसवणूक आहे, आणि तीही स्वतःच्या आईची. मी काहीच ठरवलं नाही. मी फक्त घाई करायला लागले. घाई करणं मला चांगलं जमतं.

"चला, गाय थांबलीय," मी सगळ्यांना हाकलत गाडीपाशी आणलं. "गाडी आधी वर घे रे, इथे रुतेल. जेवायचं वाटेत बघू."

भावाने जीप वर झाडांत नेली, पण तिथेच सुरूच्या सावलीत एका बाईंची चहाची टपरी होती आणि उलटीनंतर आईला चहा हवा होता. आई-आबा बाकड्यावर बसले. मी चहा आणायला पुढे गेले तर बाई म्हणाल्या, "एवढ्यात चाललात? आता सुकती आहे, पाणी उतरलेलं. थांबा थोडं, भरती लागलीच आहे. मग बघण्यासारखं असतं."

"आम्हांला लांब जायचंय," मी हळू आवाजात म्हणाले आणि आईने ऐकलं का ते वळून बघितलं. ती चहात बिस्किट बुडवत होती. मुलीकडची माणसं पसंती देऊन बसतात तशी निवांत दिसत होती. मला तिच्याकडे बघवेना.

चहा संपेपर्यंत धीर धरला. सगळे उठले, भावाने किल्ली काढली, आणि नेमकं आबांनी बाईंना विचारलं, "हे प्यायचं पाणी कुठलं वापरता म्हणायचं?"

"विहिरीचं. मागे आमच्या वाडीत आहे."

"गोडं?"

"गोडं तर काय."

"समुद्राच्या कडंला?" आबांनी उपरण्याने तोंड पुसलं. "चला, बघू."

विहीर म्हटल्यावर आबांना अडवणं म्हणजे बैलाला ओढ्यापासून ओढून आणण्यासारखं. मी म्हणाले, आबा उशीर होतोय. भाऊ म्हणाला, आबा पुढच्या वेळी. आबा सुपारीच्या झाडांतून कधीच पुढे गेले होते आणि त्यांच्या मागे आईही. तिथे बाईंचा नवरा भेटला. आबांनी विहिरीत वाकून बघितलं, किती पुरुष खोल आहे विचारलं, मोटर किती हॉर्सची, सुपारीला पाणी किती दिवसांनी देता, दाब कसा असतो. पोहरा काढून स्वतः प्याले, आईला दिलं. आई म्हणाली, आपल्यापेक्षा मऊ आहे. मग आबांनी त्या माणसाला आमच्याकडे पाळी कशी असते ते सांगायला घेतलं, पार धरणापासून. दोन तास त्यातच गेले. मला आबांचा भयंकर राग आला. भाऊ एका झाडाला टेकून जमिनीकडे बघत होता.

आवाज आधी मला ऐकू आला, कारण मी तेवढ्यासाठीच कान लावून उभी होते. लांबून, एकसारखा, थांबून थांबून. मग तो वाढत गेला. आईने मान वर केली.

"काय वाजतंय?"

"झाडं असत्याल," आबा म्हणाले. "वारं सुटलंय."

आईने भावाकडे बघितलं. तो जमिनीकडेच बघत राहिला. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी झाडं वाजत आहेत असं म्हणू शकले नाही. ती वळली आणि सुपारीच्या बागेतून बाहेर चालायला लागली. आम्ही धावतच मागे.

आम्ही जिथून चालत गेलो होतो ती वाळू नव्हती. जीप सकाळी उभी केली होती तिथपर्यंत फेस येत होता. आभाळ खाली आलेलं, त्याखाली सगळीकडे मातकट पाणी, आणि त्या पाण्याचे उंच ढीग उठून धाडकन आपटत होते. मी समुद्र आधी दोनदा बघितला होता, तरी मला भीती वाटली. आई पदराचं टोक तोंडाशी धरून उभी राहिली. ती कुठे बघतेय ते मला कळत होतं. सकाळी ती उभी होती ती जागा ती शोधत होती.

तेवढ्यात एका लाटेने नारळ आणून तिच्यापासून चार हातांवर टाकला. शेंडीला हळद-कुंकू होतं. पाणी मागे गेलं तसा तो थोडा गडगडला आणि वाळूत रुतून बसला.

 टपरीवाल्या बाई आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना वाटलं आम्हांला माहीत नाही म्हणून त्यांनी समजावलं, "तुम्ही सुकतीला सोडलात ना, मग भरती ते परत आणणारच. आमच्याकडे भरती पुरी होऊन पाणी उतरायला लागलं की सोडतात. तेव्हा ते आत जातं."

आमच्याकडे पाण्यात सोडलेलं जातंच. कॅनॉलला सोडा, नदीला सोडा, ते खाली कुठे गेलं हे कुणी बघायला जात नाही. सोडलेली ओटी दारात परत येऊ शकते, हे आईने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

आबांनी नारळ उचलला, धोतराने पुसला. "बघ," ते आईला म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "हितलं पाणी नेलेलं परत आणून देतंय. चांगलंच हाय की. माघारी येतंय म्हंजी."

आईने नारळाकडे बघितलं.

"आन् खण?"

आबा नारळ पुन्हा पुसायला लागले. आई किनाऱ्याने चालायला लागली, खाली बघत. मग आम्हीही शोधायला लागलो, तो हिरवा खण, चौघं चार दिशांना. मला माहीत होतं तो सापडणार नाही. भाऊ मात्र पॅन्ट वर करून पाण्यात शिरला. काहीतरी हिरवं दिसलं असेल त्याला, शेवाळ असेल. तो गुडघाभर पाण्यात गेला, मग मांडीपर्यंत, आणि एक लाट आली. तो दिसेनासा झाला. म्हणजे क्षणभरच. पडला, उठला, खोकत बाहेर आला, केस डोळ्यांवर, हातात काही नाही. आई जिथल्या तिथे उभी होती.  तिने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते.

भाऊ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. अंगातून पाणी गळत होतं.

"आई," तो म्हणाला, "मला म्हायती होतं पाणी येणार हाय ते. मी बोललो न्हाई. तू आता न्हाई म्हण. मी न्हाई जायचो. तुझी आण."

मलाही वाटलं, म्हणावं तिने नाही. मी सकाळपासून ज्याच्यासाठी धडपडत होते, तेच मला नको झालं होतं. पोहायला येतं त्याला, कॅनॉलमध्ये शिकलाय, पण तो कॅनॉल.

आईने पदराने त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोरात.

"सकाळी व्हय म्हणलंय ना मी," ती म्हणाली. "सोयरीक मोडत न्हाईत माणसं."

मग तिने आबांच्या हातातला नारळ घेतला आणि टपरीवाल्या बाईंना दिला. "ताई, पाणी उतराया लागलं की तुम्ही सोडाल का? आम्हांला थांबता न्हाई यायचं. गाय हाय घरी."

"सोडीन," बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बांधून आणलेली भाकरी कुणी सोडली नाही. घाटात धुकं तसंच होतं. मी दोन-तीनदा काहीतरी विषय काढला, कंपनीचा, पोरांच्या शाळेचा, तो तिथेच पडला. आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि या वेळी तिला उलटी झाली नाही. तिच्या मनात काय चाललंय ते तिने एकदा बोलून टाकावं, शिव्या घालाव्यात, मला नाहीतर भावाला, म्हणजे मला बरं वाटलं असतं. मुळशीपाशी आबांनी धरणाकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. यवत आलं तसा दिवस मावळत होता. उशीर झालाच होता, आणि आता घाई करायचं मला काही सुचत नव्हतं.

गाडी दारात थांबायच्या आधीच तांबडीचं हंबरणं ऐकू आलं. तिची कास तट्ट फुगली होती, पाय आपटत होती, चुलती लांब दारात उभी. आईने हातपाय धुतले, तशीच बादली घेऊन बसली. लुगड्याच्या काठाला वाळू होती. पहिल्या धारा बादलीत वाजल्या आणि गाय गप्प झाली. भाऊ अंगावरच वाळलेल्या कपड्यांनी येऊन तिच्याजवळ उकिडवा बसला. मी कडब्याच्या गंजीला टेकून उभी होते.

"जहाजावर इंटरनेट असतंय आई," तो म्हणाला. "मी रोज फोन करीन. कितीबी काम असू दे. रोज संध्याकाळी, धारंच्या टायमाला."

आईचे हात थांबले नाहीत.

"रोज नगं."

"का?"

"रोज म्हणलास आन् एखाद्या दिवशी न्हाई आला, तर त्या दिवशी मी काय करू?" तिने गाईच्या पोटाला डोकं टेकवलं. "जमिनीला पाय लागला की कर. मधलं मला कळवूच नगं."